विषय न काढता

घरात 'विषय' हा शब्द उच्चारायचा नाही असा नियम आम्ही केला, तेव्हा मराठीत त्या शब्दावाचून माणसाचं किती अडतं याची मला कल्पना नव्हती. नियम माझाच. दोन्ही मुली शाळा सोडून घरी शिकायला लागल्या होत्या, आणि त्यांचं शिकणं गणित, विज्ञान, भाषा, भूगोल अशा फोडी करून त्यांच्यापुढे ठेवायचं नाही, एवढंच मला म्हणायचं होतं. जो हा शब्द उच्चारेल त्याने त्या दिवशीची भांडी घासायची. पहिल्याच संध्याकाळी बिजागरी निखळलेल्या कपाटाकडे बघत नवरा म्हणाला, "आज तो विषय नको," आणि धाकटीने टाळ्या पिटल्या. नवरा अपघात झालेल्या मोटारींची पाहणी करतो. त्या धंद्यात 'विषय असा आहे' म्हटल्याशिवाय कोणी तोंडच उघडत नाही. आठवडाभर भांडी त्याच्याकडेच राहिली.

सासूबाई टेलिफोन एक्सचेंजमधून निवृत्त झालेल्या. बोलणं हा त्यांचा पेशाच होता. तीन-चार दिवस त्या जपून, एकेक शब्द चाचपत बोलल्या. मग म्हणाल्या, "तुम्ही मला बोलायला विषयच ठेवला नाहीत!" आणि नियम म्हणजे नियम, म्हणून बाह्या सारून भांड्यांकडे गेल्या. मला इतकं अवघडल्यासारखं झालं की मी शेजारी उभी राहून भांडी पुसली. "पुसू नकोस," त्या म्हणाल्या. "शिक्षा वाटून घेतली की तिचा काही उपयोग होत नाही."

मी पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. तिथे रसायनवाले तळमजल्यावर बसतात आणि जीवाणूवाले वरच्या मजल्यावर. एकाच बाटलीतल्या पाण्याबद्दल दोन्ही मजले एकमेकांना न विचारता आपापली मतं कळवतात. पाण्याला बिचाऱ्याला हे माहीत नसतं. ते एकसंध असतं, आणि जग तसंच असतं, आणि मुलांनी ते तसंच बघावं, असं मला वाटत होतं. अजूनही वाटतं. फक्त आता मी ते मोठ्याने म्हणत नाही.

शिक्षण खात्याकडे परवानगीचा अर्ज घेऊन गेले तेव्हाच खरं तर मला इशारा मिळाला होता. अर्जाच्या डोक्यावर 'विषय' अशी ओळ असते. ती मी रिकामी ठेवली होती.

"इथे काहीतरी लिहा," खिडकीतले कारकून म्हणाले.

"त्याचबद्दल अर्ज आहे. आमच्याकडे विषय नाहीत."

"विषय नाही तर अर्ज कशाबद्दल आहे?"

"विषय नसण्याबद्दल."

"मग तोच विषय झाला की." त्यांनी स्वतःच्या पेनाने तिथे लिहिलं, 'विषय नसणेबाबत', आणि शिक्का मारला. त्या रात्रीची भांडी मी घासली. घरात कोणी ऐकलं नव्हतं, पण मला माहीत होतं.

परवानगी मिळाली ती तात्पुरती. काही महिन्यांनी खात्याच्या तपासनीस बाई घरी येणार, मुली शिकताहेत का हे बघणार, आणि मग ठरवणार की परवानगी पुढे चालू ठेवायची की दोघींना परत शाळेत पाठवायचं. शाळेत त्या का नको होत्या, ते सांगत बसत नाही. थोरलीच्या पोटात रोज सकाळी दुखायचं आणि दुपारी थांबायचं, एवढं सांगितलं तरी पुरे. घरी राहायला लागल्यापासून ते दुखणं गेलं होतं. ते माझ्याकडे आलं होतं.

कारण त्या काय शिकताहेत हे मला सांगता येत नव्हतं. आमच्या समोरच्या दारात शिकवणीवाल्या बाई राहतात. त्या प्रत्येक विषयाची वेगळी शिकवणी घेतात आणि प्रत्येक विषयाला त्यांच्या दाराबाहेर चपलांचा वेगळा ढीग पडतो. आमचा निर्णय त्यांनी मनाला लावून घेतला होता. एकदा जिन्यात त्यांनी माझ्यादेखत थोरलीला गाठलं.

"काय गं, सात नव्वे?"

"कशाचे?" थोरली म्हणाली.

"कशाचे म्हणजे? नुसते!"

"नुसते सात कुठे असतात?"

बाईंनी माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत राग नव्हता, सांत्वन होतं, आणि म्हणूनच ते जास्त लागलं. घरात येऊन मी बराच वेळ विचार केला. हा प्रश्न हुशारीचा होता की पाढा येत नाही म्हणून केलेली चुकवाचुकवी? मला कळेना. विचारायची सोय नव्हती, कारण परीक्षा घ्यायची नाही हासुद्धा माझाच नियम होता. मग मी चोरून परीक्षा घ्यायला लागले. "माणशी तीन बटाटे धरले तर आपल्याला किती लागतील गं?" असं सहज विचारावं, तर थोरली पुस्तकातून मान वर न काढता म्हणे, "आई, तुला बटाटे हवेत की उत्तर हवंय?"

मला उत्तर हवं असायचं. बटाटे तर टोपलीत होतेच.

अशा मनःस्थितीत मुलींच्या खोलीत ओल दिसली. न्हाणीघराच्या बाजूच्या भिंतीवर, धाकटीच्या पलंगाच्या जरा वर, तळहाताएवढा डाग. नवऱ्याने लगेच रंगाचा डबा काढला. "तपासनीस बाई यायच्या आत मारून टाकतो. डेंट झाकलेला बरा."

"थांब," मी म्हणाले. मला त्या डागात सगळं दिसलं. पाणी, चुना, बुरशी, क्षेत्रफळ, इमारतीचा इतिहास, शेजाऱ्यांशी बोलायची रीत. एकाही विषयात न बसणारी एक पूर्ण गोष्ट भिंतीवर आपणहून उगवली होती. नळवाला आला, त्याने भिंतीवर बोटाने टकटक केलं आणि म्हणाला, "हे गवंड्याचं काम." गवंडी आला, त्याने नखाने पोपडा काढला आणि म्हणाला, "हे नळवाल्याचं." मी मुलींकडे अर्थपूर्ण नजरेने बघितलं. बघा, मोठी माणसं भिंतीचेसुद्धा विषय पाडतात. मुलींनी माझ्याकडे तशाच नजरेने बघितलं, पण मला वाटतं त्या फक्त माझा चेहरा बघत होत्या.

थोरली रोज डागाच्या कडेने पेन्सिलीची रेघ ओढायला लागली. डाग वाढत होता. रेघांच्या आत रेघा होत गेल्या, आणि भिंतीवर डोंगराच्या नकाशासारखं काहीतरी तयार झालं. जेवताना आम्ही डागाबद्दल बोलायचो. फोनवर माझी बहीण "मुली काय म्हणतात?" असं विचारायची, तेव्हा मी डागाबद्दल सांगायचे. बहीण म्हणाली, "आणि ओल सुकली की मग काय शिकवणार?" मी तो प्रश्न हसण्यावारी नेला. फोन ठेवल्यावर मात्र नवऱ्याला म्हणाले, "खरंच रे, तपासनीस बाई यायच्या आत ही सुकली तर दाखवायला आपल्याकडे आहे काय?" मुली तेव्हा पलीकडच्या खोलीत होत्या. आमच्या घराच्या भिंती पाणी आत घेतात तसे शब्दही घेतात, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

ओल कुठून येते हा प्रश्न उरला. माझा संशय वरच्या मजल्यावरच्या काकूंच्या शौचालयातल्या फ्लशच्या टाकीवर होता. तिचा पाइप बरोबर त्या भिंतीतून उतरतो. अशी गळती शोधायला एक रंग वापरतात. दिसायला झगझगीत हिरवा, प्रमाणात टाकला तर अगदी निरुपद्रवी. टाकीत टाकायचा आणि खाली कुठे हिरवं उमटतं ते बघायचं. मी रीतसर मागून अर्धा लिटर पातळ द्रावण घरी आणलं आणि थोरलीला प्रमाण सांगितलं: दर लिटरला एक थेंब. टाकीत किती लिटर पाणी आहे ते तिचं तिने काढायचं. मी तपासणार नव्हते. प्रयोगशाळेत मी प्रत्येक वजन पुन्हा करते. आकडा दोनदा जुळल्याशिवाय माझ्या घशाखाली चहा उतरत नाही. पण मुलीचं गणित तपासणं म्हणजे परीक्षाच की, असं म्हणून मी मन घट्ट केलं.

तपासनीस बाई यायच्या त्याच दिवशी हा प्रयोग करायचा असं ठरलं, म्हणजे त्यांना शिक्षण चालू स्थितीत बघायला मिळेल. हेही माझंच डोकं. अडचण एकच होती. वरच्या काकू परवानगी देईनात. "माझ्या फ्लशमध्ये लोक काय म्हणून डोकावणार?" त्यांचा मुद्दा चुकीचा नव्हता. शेवटी त्याच दिवशी सकाळी, मी कामावर असताना, त्यांचा मला फोन आला: बरं, टाका, पण माझं झाकण फोडू नका. मी लगेच घरी फोन लावला. नवरा रजा घेऊन घरी होता, पण फोन सासूबाईंनी उचलला. इकडे माझ्यामागे हवा खेचणारा पंखा घरघरत होता.

"आई, वरच्यांच्या टाकीत टाका म्हणावं. लिटरला एक थेंब. काकू हो म्हणाल्या."

"कळलं," सासूबाई म्हणाल्या, आणि एक्सचेंजमधल्या सवयीने निरोप पुन्हा उच्चारून दाखवला. पंख्यामुळे तो मला नीट ऐकू आला नाही. मी "बरोबर" म्हणाले.

त्या म्हणाल्या होत्या: "वरच्या टाकीत टाका."

फोनच्या तारेतून एक अनुस्वार आणि एक 'च्या' गळाला. गळती शोधायला निघालेल्या घरात! वरची टाकी आमच्या इमारतीला एकच आहे. ती गच्चीवर आहे, आणि बाराच्या बारा घरांच्या नळांना तिचं पाणी येतं.

पुढचं मी नंतर एकेकाकडून ऐकलं. नवऱ्याने सोसायटीच्या सेक्रेटरींकडे गच्चीची किल्ली मागितली. त्यांनी कशाला म्हणून विचारलं. "मुलींचा अभ्यास आहे," तो म्हणाला, आणि सेक्रेटरींनी कौतुकाने किल्ली दिली. काकू अडून बसल्या म्हणून बेत बदलला असेल, असं नवऱ्याने धरलं होतं; तरी टाकी बघून तो जरा थबकला. "एवढी मोठी? आई नक्की हीच म्हणाली?" सासूबाईंनी खालूनच सांगितलं की एवढ्या वर्षांच्या नोकरीत त्यांनी एकही निरोप चुकवला नाही. तेव्हा तो गप्प बसला, कारण हे भांडण तो लग्नाच्या आधीपासून हरत आला आहे. थोरलीने टेप लावून लांबी-रुंदी घेतली. टाकी पूर्ण भरलेली नव्हती, म्हणून काठी बुडवून पाण्याची खोली वेगळी मोजली. धाकटीने टेपचं दुसरं टोक धरलं. मग एवढे थेंब मोजत कोण बसणार, म्हणून औषधाच्या टोपणात किती थेंब मावतात ते आधी मोजलं आणि टोपणांनी रंग ओतला. अर्धी बाटली गेली. काठीने ढवळलं, झाकण लावलं, किल्ली परत केली. सगळं अगदी पद्धतशीर.

दुपारी प्रयोगशाळेत, नमुने घ्यायच्या माझ्या खिडकीवर आमचे सेक्रेटरी उभे! हातात सरबताची बाटली, आणि बाटलीत माझा हिरवा रंग.

मी तो लगेच ओळखला. पण माणसाचं मन मोठं लबाड असतं. माझ्या मनाने आधी असा विचार केला की दुसऱ्या कुठल्यातरी इमारतीत दुसऱ्या कुठल्यातरी बाईने असलाच प्रयोग केला असेल.

"कुठलं पाणी?" मी विचारलं. हा प्रश्न खिडकीवर बसणाऱ्याला विचारावाच लागतो.

"आपलंच," सेक्रेटरी म्हणाले. "बाराही घरांत! शिकवणीवाल्या बाईंनी तोंड धुतलं आणि आरशात बघून किंचाळल्या. वरच्या काकूंना मात्र काही वाटलेलं नाही. त्या म्हणतात, फ्लशमध्ये हिरवं येणार हे त्यांना तुम्ही सांगितलंच होतं. लोक म्हणताहेत विष आहे. तुम्ही काय ते एकदा बघून सांगा बाई, तुमच्यावर सगळ्यांचा भरवसा आहे."

मी बाटली घेतली. आमच्या साहेबांनी ती उजेडात धरली आणि म्हणाले, "हिरवं आहे, म्हणजे शेवाळ. वर पाठवा." वरच्या मजल्याने बाटली परत पाठवली: यात जिवंत काही नाही, हे रसायनात येतं. खालून ती पुन्हा वर गेली. बाटली जिन्यात असताना मी कठड्याला धरून उभी होते. सेक्रेटरी बाकावर बसून हिरव्या रंगाची विषं आठवत होते. ती ते मला एकेक करून सांगत होते.

"साहेब," शेवटी मी म्हणाले, "हे वरही येत नाही आणि खालीही येत नाही. हे माझ्यात येतं."

मी सगळं सांगितलं. साहेबांनी बाटली खाली मागवली. मग म्हणाले, "तुमच्यासमोर दुसरं कोणीतरी मोजेल. तुम्ही हात लावू नका." ते योग्यच होतं. सहकाऱ्याने यंत्रात नमुना ठेवला आणि मी हात पाठीमागे बांधून आकडा यायची वाट बघितली. आकडा आला. मी थोरलीला जे प्रमाण सांगितलं होतं, त्यात आणि या आकड्यात इतका थोडा फरक होता की आमच्याकडे नव्याने लागणाऱ्या माणसाकडून मी त्याहून जास्त खपवून घेते.

तिला गुणाकार येत होता! लांबी, रुंदी, खोली, लिटर, थेंब, टोपण, एकही पायरी चुकली नव्हती. बाराही घरांच्या नळांतून माझ्या मुलीचं बरोबर उत्तर वाहत होतं. मला एवढा आनंद झाला की मी वळून सेक्रेटरींना म्हणाले, "अगदी बरोबर आहे!"

"काय बरोबर आहे?" ते उठून उभे राहिले.

मग त्यांनाही सांगावं लागलं. ते पुन्हा बसले. "मी किल्ली अभ्यासाला दिली होती हो," एवढंच ते म्हणाले. पाणी निर्धोक असल्याचा कागद घेऊन आम्ही दोघं त्यांच्या स्कूटरवरून घरी निघालो. वाटेत ते एकदाच बोलले: "माझ्या सुनेला हे सुचवू नका."

जिन्यात अख्खी इमारत जमली होती. प्रत्येकाच्या हातात काहीतरी हिरवं होतं: तांब्या, पेला, एकाच्या हातात मुलाचा सदरा. वरच्या काकू तेवढ्या प्रसन्न होत्या. "झाकण शाबूत आहे," त्या मला म्हणाल्या. मी सगळ्यांची माफी मागितली. कागद वाचून दाखवला. शास्त्रीय भाषेत मागितलेली माफी कोणाला कळत नाही, म्हणून पुन्हा साध्या भाषेत मागितली. शिकवणीवाल्या बाई पुढे आल्या. त्यांच्या कानशिलाजवळ हिरवट छटा होती.

"सूड उगवायचा होता तर सरळ सांगायचं," त्या म्हणाल्या.

"नाही हो बाई. हिशोब बरोबर होता, टाकी चुकली."

"कोणाचा हिशोब?"

"माझा," दारातून थोरली म्हणाली आणि तिने तो सांगितला. टोपणं, थेंब, काठी, सगळं. बाई ऐकत गेल्या. शेवटी त्यांच्यातला मास्तर जिंकला. "एवढं येतं तर त्या दिवशी सात नव्वे का नाही सांगितलंस?"

"तुम्ही कशाचे ते सांगितलंच नाहीत."

तेवढ्यात माझ्या मागून कोणीतरी विचारलं, "टॉवेल मिळेल का?" बारीक चणीच्या, दमलेल्या चेहऱ्याच्या एक बाई आमच्या न्हाणीघराच्या दाराशी हात हवेत धरून उभ्या होत्या. हातांवर हिरवे थेंब होते. खांद्याला खात्याची पिशवी.

तपासनीस बाई वेळेच्या आधीच आल्या होत्या. त्यांनी माझी माफी दोन्ही भाषांत ऐकली होती.

मला वाटलं, संपलं. मी त्यांना टॉवेल दिला. नवऱ्याने खुर्ची पुढे केली आणि बोलायला सुरुवात केली, "विषय असा आहे मॅडम..." त्या गडबडीतही धाकटीने टाळ्या पिटल्या नाहीत. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. ती सकाळपासून गप्प होती.

बाईंनी मुलींची खोली बघायला मागितली. भिंतीपुढे त्या उभ्या राहिल्या. "हा नकाशा कशाचा?"

"ओलीचा," थोरली म्हणाली. "ही पहिल्या दिवसाची रेघ, ही कालची." मग ती वाकली, बोट लावून बघितलं आणि तिच्या कपाळाला आठी पडली. "आज ही कालच्या रेघेच्या बाहेर आलीय. भिंत ओली आहे. म्हणजे यात आजचं पाणी आलंय. पण आज सगळीकडचं पाणी हिरवं आहे. आणि हे हिरवं नाही."

"मग?" बाई म्हणाल्या.

"मग हे पाणी टाकीतलं नाहीच. वरच्या काकूंचं नाही, पाइपचं नाही, कोणाच्याच घरातलं नाही."

इतका स्वच्छ निष्कर्ष मी कित्येक दिवसांत ऐकला नव्हता. मी तपासनीस बाईंकडे आशेने बघितलं. त्या भिंतीकडे बघत नव्हत्या. त्या धाकटीकडे बघत होत्या, कारण धाकटी पलंगाच्या कोपऱ्यात उशी छातीशी धरून रडायला लागली होती.

"ते माझं आहे," ती म्हणाली.

"काय तुझं आहे, बाळ?"

"पाणी. स्वयंपाकघरातल्या फिल्टरचं. मी बाटलीतून घालते." फिल्टरमध्ये कोळसा असतो. तो रंग शोषून घेतो. हे माझ्या मनात आलं आणि मला माझीच लाज वाटली, की या घटकेलाही आधी तेच मनात यावं.

"पण का गं?" सासूबाईंनी तिला जवळ ओढलं.

"ओल सुकली तर दाखवायला काही नाही असं आई म्हणाली. मग शाळेत जावं लागलं असतं. ताईचं पोट दुखलं असतं." तिने उशीत तोंड घातलं. "ती सुकतच होती. मी रोज घालत होते. कमी पडू नये म्हणून."

बाहेर जिन्यात कोणीतरी हिरवी बादली ओतत होतं, त्याचा आवाज येत राहिला. आम्ही नळवाला आणला, गवंडी आणला, वरच्या काकूंच्या फ्लशपर्यंत पोचलो, बारा घरं रंगवली. आणि इकडे सहा वर्षांची मुलगी पलंगावर चढून आमचा अभ्यासक्रम जिवंत ठेवत होती. मला वाटत होतं की या घरात काळजी फक्त मी करते.

तपासनीस बाई पलंगाच्या कडेवर बसल्या. त्यांनी पिशवीतून रकान्यांचा छापील तक्ता काढला, बघितला आणि पुन्हा आत ठेवला.

"थोरलीची मला चिंता नाही," त्या म्हणाल्या. "तिचं मी आताच जिन्यात ऐकलं. चिंता हिची आहे. आणि तुमची." ते 'तुमची' त्यांनी माझ्याकडे बघून म्हटलं. "या मुलींना सुट्टी कधी असते?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. आमच्याकडे शिकण्याला वेळापत्रक नाही, शिकणं श्वासासारखं अखंड चालतं, असं ते उत्तर होतं. ते मी कितीतरी लोकांना दिलं होतं. पण माझ्याआधी थोरली बोलली.

"नसते," ती म्हणाली. तक्रार म्हणून नाही, मोजमाप सांगावं तसं. "शाळेत निदान रविवार तरी होता. इथे बटाट्याची भाजीसुद्धा काहीतरी असते."

हे मला फार लागलं. बारा घरांपुढे माफी मागताना लागलं नव्हतं, इतकं.

"मी परवानगी वाढवते," बाई म्हणाल्या. नवऱ्याने सुटकेचा श्वास सोडला, तो त्यांनी हात वर करून अडवला. "एका अटीवर. महिनाभर या घरात कोणी कोणाला काही शिकवायचं नाही. सहजसुद्धा नाही. महिना संपला की मी पुन्हा येईन. सुट्टी कशी गेली ते हिलाच विचारेन."

"म्हणजे आम्ही काय करायचं?" धाकटीने उशीतून विचारलं.

"काही नाही."

"आणि ते जमलं नाही तर?"

बाईंनी यावर माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. त्यांनी आमच्याकडचा चहा घेतला नाही, आणि त्या दिवशी तरी मी त्यांना दोष देऊ शकत नव्हते.

दुसऱ्या दिवशी टाकी रिकामी केली, धुतली, भरली. सेक्रेटरींनी खाली सूचना लावली, तिच्या डोक्यावर 'विषय: हिरवे पाणी' असं होतं. खाली गच्चीची किल्ली यापुढे अभ्यासासाठी मिळणार नाही, असं लिहिलं होतं. शिकवणीवाल्या बाईंनी थोरलीला आपल्याकडे गणिताला पाठवायचं सुचवलं. शिकायला नाही, दुसऱ्या मुलांना टोपणांचं सांगायला. सुट्टी संपल्यावर बघू, असं मी म्हणाले. हे वाक्य माझ्या तोंडून इतकं अवघड जाईल असं वाटलं नव्हतं.

सुट्टीचे पहिले दिवस मला फार जड गेले. थोरली झोपून राहायची. नवरा मुलींबरोबर पत्ते खेळला तेव्हा मी दारात उभी राहून त्यातली संभाव्यता मनातल्या मनात गिळली. सासूबाई आरामात होत्या. त्यांना शिकवायची हौस कधी नव्हतीच.

एका दुपारी मुलींच्या खोलीत डोकावले. भिंत वाळत चालली होती, रेघा तेवढ्या उरल्या होत्या. धाकटी जमिनीवर पालथी पडली होती, गाल फरशीला टेकवून, डोळे उघडे. ती कशाकडे बघत होती ते मला दिसेना. मुंगी असेल, धूळ असेल, उन्हाचा कवडसा असेल. मुंगी असली तर विचारण्यासारखं कितीतरी होतं. मी दाराची चौकट धरून उभी राहिले.

"आई," ती वर न बघता म्हणाली, "तू काही विचारणार आहेस?"

"नाही."

"नक्की?"

"नक्की."

तिने माझ्याकडे जरा वेळ बघितलं. विश्वास ठेवावा की नाही याचा तिचा निर्णय होत नव्हता. मग ती अंग चोरून थोडी सरकली.

"मग इथे झोप."

मी तिच्या शेजारी आडवी झाले. गाल फरशीला टेकवला. फरशी गार होती. किती गार, ते मी मोजलं नाही.